पंचाहत्तर रुपये आणि वीस वर्षे

महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास आपण सहसा त्यागाचा इतिहास म्हणून वाचतो. व्याख्यानांत, स्मरणिकांत, सुवर्णमहोत्सवी भाषणांत तो तसाच सांगितला जातो. या इतिहासाला जमाखर्चाची एक बाजू आहे आणि ती बहुधा न वाचताच बाजूला ठेवली जाते. माझा व्यवसाय या दुसऱ्या बाजूशी निगडित होता. एका खासगी शिक्षणसंस्थेच्या आस्थापना विभागात मी उणीपुरी ३० वर्षे काढली. पगारपत्रके, वेतननिश्चिती, रजेचे अर्ज, भविष्यनिर्वाह निधीची खाती, निवृत्त शिक्षकांचे अडकलेले हक्क हा माझा रोजचा पाठ होता. त्यामुळे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या पहिल्या दशकाविषयी वाचताना माझी नजर पहिल्यांदा गेली ती पगाराच्या आकड्याकडे. हा आकडा होता दरमहा ७५ रुपये.

तिजोरीत पैसा नसताना माणसे कशाच्या बळावर काम करतात, हा प्रश्न आज व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जातो. पुण्यात तो १८८० ते १८९० या दहा वर्षांत प्रत्यक्ष जगला गेला. तो जगणारी माणसे साधी नव्हती. चिपळूणकर, टिळक, आगरकर, आपटे, गोखले ही नावे त्यात आहेत. या प्रयोगाला मोठे यश आले आणि त्याच प्रयोगातून महाराष्ट्रातली एक प्रसिद्ध मैत्री तुटली. यश कशामुळे आले आणि मैत्री कशामुळे तुटली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी त्या ७५ रुपयांच्या भोवती सापडतात, असे माझे मत झाले आहे.

शाळा उभी राहिली ती कशावर

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. बाळ गंगाधर टिळक आरंभापासून बरोबर होते. महादेव बल्लाळ नामजोशी आणि वामन शिवराम आपटे लवकरच आले. गोपाळ गणेश आगरकर एम.ए.ची परीक्षा आटोपून १८८१ च्या आरंभी रुजू झाले. सुरुवातीच्या काळात या मंडळींनी नाममात्र वेतनावर काम केले. शाळेचा आधार म्हणजे मुलांची फी आणि मिळतील त्या देणग्या.

तरीही शाळा झपाट्याने वाढली. पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या हजाराच्या आसपास गेली. १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष सर विल्यम हंटर यांनी शाळा पाहून मनापासून तिची वाखाणणी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वयाच्या बत्तिशीच्या आत वारले आणि कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. प्रमुख गेला, दोन कर्ते शिक्षक तुरुंगात, तिजोरी रिकामी. एखादी संस्था मोडायला एवढे पुरेसे असते. ती मोडली नाही, कारण या माणसांना शाळा स्वतःची वाटत होती. नोकरी सोडून जाणे शक्य असते. आपल्याच घरातून उठून कोण कुठे जाणार?

मात्र भावना कागदावर आणल्याशिवाय संस्था चालत नाही, हे या तरुणांना लवकर उमगले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीच्या घटनेचा कणा म्हणजे आजीव सभासद. आजीव सभासदाने सोसायटीच्या सेवेत २० वर्षे घालवायची आणि तुटपुंज्या वेतनावर समाधान मानायचे. हे वेतन पुढे दरमहा ७५ रुपये ठरले. शिवाय प्रत्येकाचा ३,००० रुपयांचा आयुष्याचा विमा उतरवलेला असे. त्या काळी एम.ए. झालेल्या हुशार तरुणाला सरकारी खात्यात याहून अधिक पगार मिळे आणि बढती मिळत गेली की तो कैक पटींनी वाढे. म्हणजे आजीव सभासद होणे हा उघड आतबट्ट्याचा व्यवहार होता.

पैशाऐवजी काय दिले

आस्थापना विभागातल्या माणसाच्या नजरेने ही योजना तपासली, तर तिच्यात चार गोष्टी दिसतात. त्यांतल्या कोणत्याही गोष्टीला फारसा खर्च नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मालकी. शाळा-कॉलेजचा अंतर्गत कारभार आजीव सभासदांच्या मंडळाच्या हाती होता. शिक्षक कोण नेमायचा, पैसा कशावर खर्च करायचा, वेळापत्रक कसे असावे, हे शिकवणारेच मतदानाने ठरवत. बाहेरच्या प्रतिष्ठितांचे नियामक मंडळ होते, पण रोजचा गाडा ओढणारा आणि लगाम धरणारा एकच होता. आपल्या कामाविषयीच्या निर्णयात ज्याला मत असते, त्याला कमी पगाराचा काच कमी बोचतो, हे मी माझ्या नोकरीतही पाहिले आहे. उलट, भरपूर पगार घेणारा पण कशातच विचारात न घेतला जाणारा माणूस पाच वर्षांत कोमेजतो.

दुसरी गोष्ट म्हणजे समानता. मूळ कल्पनेत पद आणि पगार यांची गाठ तोडून टाकली होती. प्राचार्य असो की नुकताच सभासद झालेला प्राध्यापक, वेतनाचे माप एकच. तुटपुंजेपण सर्वांनी सारखे वाटून घेतले की त्यात एक प्रकारचा अभिमान येतो. वरचा माणूस बग्गीतून येतो आणि खालच्याला काटकसर शिकवतो, हे दृश्य तिथे शक्यच नव्हते.

तिसरी गोष्ट म्हणजे विमा. ही मला सर्वांत विचारी वाटते. त्यागाची भाषा करणारी माणसे बहुधा मरणाचा हिशेब करत नाहीत. या मंडळींनी तो केला. आणि तो किती आवश्यक होता, हे काळाने फार लवकर दाखवले. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी गेले. दुसरे प्राचार्य आगरकर १७ जून १८९५ रोजी वयाच्या ३८ व्या वर्षी गेले. कॉलेजच्या पहिल्या साडेदहा वर्षांत दोन प्राचार्य खुर्चीवर असतानाच निवर्तले. विमा नसता तर या माणसांच्या मागे काय राहिले असते, याचा विचार करावा. आगरकरांनी आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची पुडी बांधून ठेवली होती, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. आपण ती गहिवरून सांगतो. मला ती वाचताना कोणीतरी हिशेब चोख ठेवला होता याचेच वाटते.

चौथी गोष्ट म्हणजे मुदत. सभासदाला ‘आजीव’ म्हटले, तरी बंधन २० वर्षांचे होते. शेवट दिसत असला की माणूस कष्ट सोसतो. विशीत शब्द दिलेला तरुण चाळिशीत मोकळा होणार होता, आणि त्यानंतरचे आयुष्य त्याचे स्वतःचे होते. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्ये अवघ्या अठराव्या वर्षी ३५ रुपयांवर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये लागले, पुढल्या वर्षी आजीव सभासद झाले आणि १९०२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्यांचे राष्ट्रीय पातळीवरचे मोठे काम या निवृत्तीनंतर बहराला आले.

पाच रुपयांचा प्रश्न

मग बिनसले कुठे? टिळक-आगरकर वादाची कारणे सांगताना सामाजिक सुधारणा की राजकीय स्वातंत्र्य, हा मुद्दा अग्रभागी येतो. तो खराच आहे. ‘केसरी’च्या धोरणावरून मतभेद वाढले, आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पण सोसायटीच्या आत जी भांडणे झाली, त्यांत पगार, बक्षिसी आणि बाहेरची कमाई हे विषय वारंवार येत राहिले. १८८७ च्या सुमारास आगरकरांनी वेतनात ५ रुपयांची वाढ सुचवली. टिळकांनी तिला विरोध केला.

पाच रुपये! आज हे ऐकून हसू येईल. पण मी ज्या वेतनवादांच्या फायली हाताळल्या, त्यांत रक्कम जितकी लहान, तितके भांडण खोल, असाच अनुभव आहे. लहान रकमेवर वाद होतो तेव्हा मुद्दा रकमेचा उरलेला नसतो.

टिळकांची बाजू अशी होती. आपण जेझुइट पाद्र्यांसारखे एका ध्येयाला वाहून घेतले आहे. सभासदाचा सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची. एकदा वाढ मान्य केली की तिला थांबवण्याचे ठिकाण उरत नाही, आणि बाहेरून कमाई करण्याची मोकळीक दिली की संस्थेचे काम दुय्यम होते. सभासदाने बाहेर जे मिळवले, ते संस्थेच्या झोळीत पडले पाहिजे. तत्त्व म्हणून ही भूमिका निर्दोष आहे. संस्था टिकवायची तर कोणीतरी ती मांडायला हवीच होती.

आगरकरांच्या बाजूला तत्त्वाहून परिस्थिती अधिक होती. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातून निघालेला, शिक्षण पुरे करताना पै-पैचा हिशेब केलेला हा माणूस. मागे वडिलार्जित काही नाही, अंगात दमा, घरात संसार वाढता. टिळकांना वडिलांकडून थोडाफार आधार होता. गोखल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांना १५ रुपये पगार होता, तेव्हा त्यांतले ८ रुपये त्यांनी धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवले होते. त्या ऋणाची फेड गोखल्यांना करायची होती. तिघांनाही पगार ७५ रुपयेच, पण तिघांच्या घरांत त्या ७५ रुपयांची किंमत निराळी होती.

इथे योजनेतली मूळ अडचण उघडी पडते. समान वेतन हे तिचे बळ होते, पण ओझी समान नव्हती. ज्याच्या पाठीशी थोडे काही आहे, त्याला समान दारिद्र्य हे व्रत वाटते. ज्याच्या पाठीशी काही नाही, त्याला ते दारिद्र्यच वाटते. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघांनाही समोरचा अप्रामाणिक दिसू लागतो. एकाला वाटते, हा डळमळला. दुसऱ्याला वाटते, याला काय कळणार.

बाहेरची कमाई

वेतन वाढत नाही म्हटल्यावर सभासदांनी दुसरा मार्ग धरला. ते पुस्तके लिहू लागले. आपटे यांचे संस्कृत रचनेवरचे पुस्तक आणि १८९० मध्ये आलेला संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतात. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांत चालले. आपण ज्यांना ज्ञानाची भर म्हणतो, त्यांतल्या काही गोष्टी संसाराला हातभार म्हणूनही जन्मल्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पण प्रश्न उभा राहिला: या पुस्तकांचे पैसे कोणाचे? आणि ती लिहिण्यात गेलेला वेळ कोणाचा?

टिळकांच्या काटेकोर हिशेबाने वेळ संस्थेचा होता. मात्र मग वर्तमानपत्राचे काय, असा उलट प्रश्न त्यांनाही विचारता येत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांना रोज लागणारा वेळ थोडा नव्हता. ज्याला एक जण देशकार्य म्हणतो, त्याला दुसरा बाहेरचे काम म्हणू शकतो, आणि दोघांची रेघ आपापल्या सोयीच्या जागी ओढलेली असते. ही रेघ आरंभी स्पष्ट लिहून ठेवली नव्हती. स्नेह होता तोवर तिची गरज भासली नाही. स्नेह आटला तेव्हा ती ओढण्याइतका विश्वास उरला नव्हता.

शेवटचे निमित्त गोखल्यांचे झाले. त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि टिळकांनी त्याला हरकत घेतली. मंडळात टिळक अल्पमतात गेले. ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्यामागची कारणे तपशीलवार मांडणारे प्रदीर्घ निवेदन सादर केले. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. तारुण्यातली ११ वर्षे त्यांनी ज्या कामात घातली, त्यातून ते बाहेर पडले. ते निवेदन रागाने लिहिलेले असले तरी हलक्या मनाने लिहिलेले नाही. दुखावलेला संस्थापक त्यात बोलतो.

टिळक गेल्यानंतर

एवढा मोठा माणूस गेल्यावर संस्था खचायला हवी होती. तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय मूळ घटनेला दिले पाहिजे. निर्णय मंडळाचे असल्यामुळे संस्था एका माणसावर टांगलेली नव्हती. गोखल्यांनी चिटणीसपद सांभाळले आणि इमारतीसाठी दारोदार वर्गणी गोळा केली. १८९५ मध्ये कॉलेज चतुःशृंगीच्या वाटेवरच्या नव्या वास्तूत गेले. टिळकांच्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले आणि त्यांनीही आजीव सभासदत्व पत्करले. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी मानमरातब बाजूला ठेवून याच अल्प वेतनावर परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. कर्वे आजीव सभासद असतानाच त्यांनी १८९३ मध्ये विधवाविवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठीच्या संस्थेचा पाया घातला. कॉलेजात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हिंगण्याच्या कामासाठी पायपीट करायची, असा त्यांचा क्रम होता. टिळकांचा नियम तंतोतंत पाळला गेला असता, तर हे कर्वे फर्ग्युसनला मिळाले असते का? मला शंका आहे. संस्थेने त्यांना पैसा थोडा दिला, पण स्वतःचे असे काही उभारण्याची मोकळीक दिली. कमी वेतनाची भरपाई ज्या गोष्टींनी होते, त्यांत या मोकळिकीचा क्रमांक मी बराच वर लावतो. आपटे यांचा कोश, गोखल्यांचे सार्वजनिक जीवन आणि कर्व्यांचे हिंगणे ही तिन्ही त्या मोकळिकीची फळे आहेत.

पुढे या माणसांनी स्वतःच्या संस्था काढल्या, तेव्हा हाच साचा वापरला आणि त्यात दुरुस्त्याही केल्या. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला. त्यात सभासदाने स्वतःसाठी कमाई करायची नाही, हे प्रवेशाच्या शपथेतच स्पष्ट घातले. ज्या मुद्द्यावर १८९० मध्ये घर फुटले, तो मुद्दा या वेळी दाराशीच मिटवला होता. आणि ही अट घालणारे, एकेकाळी बाहेरच्या कामावरून आक्षेप ओढवून घेणारे गोखलेच होते! कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला तोही वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठीच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सेवकांची परंपरा रुजली. पुण्यातल्या एका वाड्यात सुरू झालेली कल्पना अशी महाराष्ट्रभर पसरली.

जे आजीव नव्हते त्यांचे काय

या सगळ्या कथेत एक गट कायम पडद्यामागे राहतो. शाळा वाढली तसे आजीव सभासद नसलेले शिक्षक आले, कारकून आले, शिपाई आले. गोखले पहिल्या वर्षी ज्या ३५ रुपयांवर लागले, ते अशाच साध्या शिक्षकाचे वेतन होते. या माणसांनी कोणती शपथ घेतली नव्हती, त्यांना मंडळात मत नव्हते आणि निर्णयात वाटा नव्हता. वातावरण मात्र त्यागाचेच होते. ध्येयवादी संस्थांमधला हा नाजूक भाग आहे. वरच्यांनी स्वखुशीने पत्करलेले दारिद्र्य खालच्यांवर न विचारता लादले जाण्याचा धोका तिथे नेहमी असतो.

आणि हाच धोका आज सर्वत्र खरा झालेला दिसतो. त्यागाची भाषा उरली, तिच्याभोवतीची व्यवस्था गेली. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम आणि त्यानंतर नियमित वेतन, असे तिचे स्वरूप. २०२३ मध्ये हे मानधन १६,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वाढवले गेले. त्याआधी प्राथमिक शिक्षण सेवकाला बरीच वर्षे महिन्याला ६,००० रुपये मिळत होते. ‘सेवक’ हा शब्द मात्र जुन्या परंपरेतलाच. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची स्थिती वाचकांना सांगायला नको. मी काम केले त्या संस्थेत दरवर्षी शिक्षकदिनी टिळक-आगरकरांची आठवण काढली जाई आणि त्याच महिन्यात तासिकांची बिले अडकून पडत. भाषण करणाऱ्याच्या स्वतःच्या वेतनात कधी खंड पडल्याचे मला आठवत नाही.

१८८४ च्या माणसांचे आणि या भाषणांचे नाते जोडण्याआधी फरक ध्यानात घ्यावा. ७५ रुपये घेणाऱ्याला मंडळात मत होते; तासिकावाल्याला वेळापत्रकाविषयीही विचारले जात नाही. ७५ रुपये घेणाऱ्याचा प्राचार्यही त्याच मापाने घेत होता. त्याच्या आयुष्याचा विमा होता. त्याच्या बंधनाला २० वर्षांची मुदत होती, आणि एवढे सर्व असूनही पाच रुपयांवरून घर फुटले. मग यांतले काहीच न देता केवळ ध्येयाच्या नावाने कोणाला राबवून घेतले, तर त्याच्या मनात काय साठत असेल?

ज्यांच्याकडे पैसा कमी आहे अशा संस्थाचालकांना, लहान कारखानदारांना, ग्रंथालयांच्या आणि वसतिगृहांच्या विश्वस्तांना या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. निर्णयात वाटा द्यायला पैसा लागत नाही. तुटवडा आहे तर तो वरपासून खालपर्यंत सारखा दिसला पाहिजे. आजार आणि मरण यांची तरतूद कौतुकाच्या आधी करावी. माणसाला त्याचे स्वतःचे काही करायला मोकळीक असावी आणि तिची हद्द पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समान रक्कम आणि समान न्याय या एकच गोष्टी नाहीत. कोणाच्या घरात किती तोंडे आहेत, हे विचारण्यात तत्त्वच्युती होत नाही.

आगरकर वारल्यावर टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांचे डोळे भरून येत होते, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. दोघेही लहान मनाची माणसे नव्हती. लहान होती ती तरतूद, आणि ती थोडी मोठी करण्याचा, किंवा निदान मोकळेपणाने बोलून वाटून घेण्याचा मार्ग त्यांना वेळेवर सापडला नाही. त्या पाच रुपयांची किंमत महाराष्ट्राने चुकवली. आपल्या संस्थांत आजही असे पाच रुपये कुठेतरी अडकलेले असतात. ते कोणाचे आहेत, हे विचारण्याचे काम वेतनपत्रकावर सही करणाऱ्याचे आहे.